नकाशाची कापलेली कड

मित्रांनो, मी एक जुना, घड्यांवर झिजलेला नकाशा आहे. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना स्वतःचं कौतुक करतात. मला ते जमणार नाही, कारण माझ्यावर विश्वास ठेवून एक मुलगी मरता मरता वाचली आहे.

माझा जन्म छापखान्यातला. शाई वाळते न वाळते तोच जमीन मोजणाऱ्या एका तरुणाने मला पिशवीत घातलं. पुढची तीस वर्षं आम्ही दोघांनी डोंगर पालथे घातले. त्याची एक शिस्त होती. नकाशाच्या अंगावर रेघ मारायची नाही. झरा आटला, लिही कडेच्या पट्टीत. वाट खचली, लिही कडेला. तपासायला आलेले साहेब म्हणायचे, "नकाशा ठेवावा तर यांनी!" तेव्हा मी भलताच फुशारायचो.

मग तो निवृत्त झाला, त्याचे गुडघे गेले आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

यंदा त्याच्या दोन्ही मुलींनी बारा दिवसांची डोंगरवाट चालायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वजनकाटा मांडून त्या एकेक वस्तू तोलत होत्या. थोरलीने तर दात घासायच्या ब्रशचा दांडाही अर्धा कापला होता.

"नकाशा न्या गं," बाबा म्हणाले.

"बाबा, सगळं फोनमध्ये आहे," थोरली म्हणाली. "आणि हा दीडशे ग्रॅमचा आहे!"

"फोन भिजला म्हणजे?"

"दोन आहेत. दोन्ही कसे भिजतील?"

बाबा गुडघे शेकायला आत गेले. धाकटी म्हणाली, "ताई, नेऊया ना. उगीच त्यांच्या जिवाला घोर कशाला?"

"बरं बाई! पण कडा कापते. कसली तरी पुसट टिपणं आहेत, ती काय कामाची?"

कात्री चालली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण कागदाचं ओरडणं कुणाला ऐकू येणार? माझ्या चारही पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या.

तिसऱ्या दिवशी डोंगरावर धो धो पाऊस कोसळला. वजन वाचवायला दोन्ही फोन एकाच पिशवीत ठेवले होते. ते एकदमच बंद पडले. पुढे दोन वाटा फुटल्या होत्या, एक वरून लांबची आणि दुसरी खाली ओढ्याकडे जाणारी. धाकटीने माझ्यावर बोट ठेवलं.

"ताई, हा बघ पूल. बाबांचा नकाशा आहे, चुकायचा नाही."

अगं, चुकतोय मी! पूल बारा वर्षांपूर्वीच वाहून गेला होता. तसं कडेला लिहिलंही होतं.

ओढ्याकाठी पूल दिसला नाही, तेव्हा धाकटी पाण्यात उतरली. लोंढ्याने तिला खडकावर आपटलं. गुडघ्याखाली पाय मोडला. थोरलीने तिला कसंबसं ओढून काठावर आणलं आणि मदतीसाठी हाका मारून मारून तिचा घसा बसला. मी तिच्या खिशात ओलाचिंब पडलो होतो आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती.

मला मागाहून कळलं, त्याच दिवशी घरी कचरा बाहेर काढताना बाबांना पट्ट्या दिसल्या होत्या. एकीवर त्यांचंच अक्षर होतं, 'पूल गेला. वरच्या वाटेने जाणे.' मुलींचे फोन लागेनात. त्यांनी वनरक्षकांच्या चौकीला फोन करून सांगितलं, "माझ्या पोरी ओढ्याकडेच उतरल्या असतील." दुसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षक पोहोचले, तेव्हा धाकटी तापाने फणफणली होती.

दवाखान्यात थोरली रडत म्हणाली, "बाबा, मला बोला ना काहीतरी. मीच कापल्या कडा."

"तू कडा कापल्यास," बाबा म्हणाले. "पण पूल गेलाय हे ठाऊक असून मी तो बारा वर्षं नकाशावर तसाच उभा ठेवला. का, तर नकाशा देखणा राहावा म्हणून!"

त्यांनी परिचारिकेकडून लाल पेन मागून घेतलं. त्या पुलावर मोठी फुली मारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या अंगावर रेघ ओढली.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर कोरा करकरीत ठेवू नका. माझं चुकलेलं दिसेल ते तिथल्या तिथे खोडा, ठळक लिहा. मी विद्रूप दिसलो तरी चालेल. धाकटीच्या पायात आता लोखंडी सळई आहे. जिना चढताना ती कठडा धरते, आणि ती वर पोहोचेपर्यंत थोरली तिच्या मागोमाग एकेक पायरी चढते.