चिमट्याच्या टोकांमधला उजेड

मी एक जुना चिमटा आहे. निखारे उचलणारा मोठा चिमटा डोळ्यांसमोर आणू नका, मित्रांनो. मी बोटभर लांब आहे, टोकं सुईसारखी. मज्जातंतूंच्या प्रयोगशाळेत, टेबलाच्या तिसऱ्या खणात पडून असतो. फार दमलो आहे, म्हणून तुटक बोलतो. सांभाळून घ्या.

जन्म एका कारखान्यात. एका कारागिराने भिंगातून पाहत माझी दोन्ही टोकं घासून जुळवली आणि म्हणाला, "जा आता."

बालपण नाही. लगेच काम.

ते सांगायला जड जातं. मी दुखापत करायचो. गाढ झोपवलेल्या उंदराच्या मांडीतली दोऱ्याएवढी नस शास्त्रज्ञ बाई माझ्या टोकांत धरून दाबायच्या. दहा आकडे मोजेपर्यंत. मग जखम शिवायची आणि वाट पाहायची. दबलेली नस आतून पुन्हा वाढते, पण दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. ती लवकर वाढावी म्हणून बाई एक औषध पारखत होत्या. उंदरांची देखभाल करणारे मामा उंदराच्या पायांना शाई लावून त्याला कागदाच्या पट्टीवरून चालवायचे. बोटं मिटलेली उमटली की नस अजून बंद. फाकलेली उमटली की नस आली.

नऊ वर्षं. दाब, मोज, सोड. दाब, मोज, सोड. दाब,

जरा थांबतो.

माझं कौतुकही झालं. बाई दुसऱ्या चिमट्याला हात लावत नसत. "सगळ्या उंदरांना इजा सारखीच व्हायला हवी. हाच चिमटा, हाच हात." नवे चिमटे पाकिटातच राहिले. मामा मला धुताना म्हणायचे, "तुझी बडदास्त जावयापेक्षा जास्त आहे रे."

तुलनेसाठी बाईंनी औषध न दिलेल्या उंदरांची तुकडी आधी पूर्ण केली. औषधाची तुकडी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. त्या मधल्या दुपारी मी बाईंच्या हातून फरशीवर पडलो. मामांनी उचललं, पुसलं. "काही झालं नाही, मॅडम."

झालं होतं. एक टोक केसभर वाकलं होतं. पुढे मी नस दाबायचो, पण पुरती नाही. काही तंतू माझ्या फटीतून सहीसलामत सुटायचे.

औषधाच्या उंदरांची बोटं दहा दिवसांत फाकली, आधीच्या तुकडीच्या निम्म्या वेळात. मामांनी पट्ट्या भिंतीवर लावल्या. बाईंनी धाकट्या भावाला फोन केला.

भाऊ सुतार. यंत्राच्या करवतीने त्याच्या उजव्या मनगटातली नस कापली गेली होती. डॉक्टरांनी ती शिवली, तरी अंगठा आणि शेजारची दोन बोटं वर्षभर मुकी होती. एका दुकानात गल्ल्यावर बसायचं काम चालून आलं होतं. तो नुसतं "बघू" म्हणत होता. फोन आला तसा तो प्रयोगशाळेतच येऊन उभा राहिला.

"माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील हं," बाई म्हणाल्या.

"लागू देत. मला कुठे गाडी पकडायचीय?"

सुताराला दुसऱ्याचं हत्यार दिसलं की राहवत नाही. त्याने डाव्या हाताने मला उचललं, मिटलं, खिडकीकडे धरलं आणि एक डोळा बारीक केला.

"ताई, याची टोकं जुळत नाहीत गं."

"तू डाव्या हाताने वाकडं धरलंयस."

"हात डावा असेल, डोळे तेच आहेत. बघ, मधून उजेड येतोय. असल्या पकडीने माझा खिळासुद्धा निघायचा नाही."

बाईंनी मला भिंगाखाली ठेवलं. बराच वेळ पाहिलं. मग वही ओढली.

"मामा, हा पडला होता तो कुठला दिवस?"

मामा भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. "औषधाची तुकडी सुरू केली त्याच्या आदला. मीच म्हणालो होतो, काही झालं नाही."

"पाडला मी, मामा." बाई स्टुलावर बसल्या. भावाला म्हणाल्या, "नस पुरती दबलीच नव्हती. म्हणून लवकर बरी झाली."

"म्हणजे औषध खोटं?"

"तेही माहीत नाही. दोन्ही तुकड्या पहिल्यापासून करायच्या. या वेळी दोन्हींतले उंदीर सरमिसळ करून, म्हणजे चिमटा बिघडला तरी दोन्हींना सारखाच."

त्याने मला फडक्यावर ठेवलं, टोकांना धक्का न लावता. "उगाच नाक खुपसलं मी."

"असं नको म्हणूस."

"दुकानवाल्याला हो सांगतो उद्या." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "तू मात्र थांबू नकोस, ताई."

बाईंनी नव्या चिमट्याचं पाकीट फोडलं. मामांनी पट्ट्या एकेक करून काढल्या. मी खणात आलो.

मित्रांनो, हत्यार हातून पडलं तर ते नीट तपासा. ज्याच्यावर फार विश्वास आहे ते आधी तपासा. आम्हाला बोलता येत नाही. आणि खरं सांगू? त्या दहा दिवसांत बाई मला खणात ठेवताना हसायच्या. मला वाचा असती, तरी मी तोंड उघडलं असतं याची मला खात्री नाही.