कोबी म्हणून वाढलेला पालक

मी एक गोल ओव्हन बोलतोय. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला, तीन-चार ठिकाणी पोचे आलेला. मुलुंड पूर्वेला एका तीन मजली इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर माझा मुक्काम आहे. सध्या माझ्यावर दळणाचा डबा ठेवलेला असतो. तो बाजूला करून कुणी माझी विचारपूस करील असं वाटत नाही, म्हणून मीच तोंड उघडतोय. मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

माझा जन्म घाटकोपरच्या एका गाळ्यातला. अंबादास नावाचा कारागीर फिरत्या साच्यावर पत्रा दाबून आम्हाला आकार द्यायचा. बुडाशी एक कॉइल, झाकणात एक. "खालची शिजवते, वरची रंग आणते," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मला ना बटण, ना आकडे. इस्त्रीची असते तशी पिन लावली की तापायचं, काढली की निवायचं. इतक्या साध्या यंत्राच्या हातून काय वावगं घडणार, असं तेव्हा मलाही वाटायचं.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीआधी मुलुंडला ग्राहकपेठ भरली होती. तिथे अनुपमा माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. माझं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तिचा नवरा जयवंत शेवटी कंटाळला.

"घे ना एकदाचा. किती वेळ बघत बसणार?"

"आई काय म्हणतील?"

"आई म्हणेल, वीज खातो. मग खाईल केक आणि गप्प बसेल."

केक काही कुणाच्या नशिबी आला नाही. वरच्या मजल्यावरच्या शुभाताईंकडे सहा दिवसांचा बेकिंग क्लास करून अनुपमा आली, तरी माझ्या पोटातला केक कडेला करपायचा आणि मधे कच्चा राहायचा. दोष माझ्या खालच्या कॉइलचा होता, ती कडेने जास्त तापते. जयवंत बिचारा "वरचा भाग झकास झालाय" म्हणत कडेकडेने खायचा. चौथ्या केकनंतर अनुपमाने माझ्यात कांदे-बटाटे ठेवायला सुरुवात केली. ओव्हनचा याहून मोठा अपमान नसेल. मी मनातून फार दुखावलो होतो, आणि पुढे मी जे केलं त्याचं मूळ या दुखावण्यात आहे, हे आता मला कळतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे जयवंतची आई, रुक्मिणीबाई. मूळच्या कणकवलीकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर परळची खोली विकून थोरल्या मुलाबरोबर मुलुंडला आल्या. धाकटा नंदू मस्कतला फिटर म्हणून गेला होता. दर महिन्याला त्याचं पत्र यायचं, आणि जयवंत ते मोठ्याने वाचायचा, कारण रुक्मिणीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना माणसं सावलीसारखी दिसायची. ताटातलं तर काहीच दिसायचं नाही, हाताने चाचपून जेवायच्या.

शहाऐंशीच्या संक्रांतीनंतर नंदूची पत्रं थांबली. एक महिना, दोन महिने, तीन महिने. कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं परत आली. पाडव्याच्या दिवशी रुक्मिणीबाईंनी देवासमोर नारळ ठेवला, गावच्या रवळनाथाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "माझो झील घरात पाऊल टाकीपर्यंत पालेभाजी तोंडाला लावणार नाही."

जे सोडायचं ते आवडीचं असलं पाहिजे, असा त्यांच्याकडचा नेम. रुक्मिणीबाई मासळी एक वेळ सोडतील, पण माठ, मेथी, पालक, मुळ्याचा पाला म्हणजे त्यांचा जीव की प्राण. भाजी निवडताना अर्धी कच्चीच खायच्या म्हणे. तीच त्यांनी सोडली. आणि त्यासोबत, मुलाच्या काळजीने, बाकीचं जेवणही निम्म्यावर आणलं.

आषाढात त्यांचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, मी हात लावणार नाही. गोळ्या दिल्या, त्या पोटात राहिनात. "पालेभाज्या द्या भरपूर, पालक द्या. रक्त वाढलं की या," असं सांगून त्यांनी परत पाठवलं.

त्या दुपारी अनुपमा ओट्याला टेकून खूप वेळ उभी होती. सासूला नेम मोडायला सांगण्याची तिची छाती नव्हती, आणि नेम पाळून सासू आंधळी होणार हे तिला दिसत होतं. मग तिने माझ्यातले कांदे-बटाटे काढले आणि मला ओल्या फडक्याने पुसलं. मला काय आनंद झाला, सांगू? कशासाठी पुसतेय हे मी विचारलंसुद्धा नाही.

श्रावणातला पहिला गुरुवार. जयवंतच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, म्हणून त्या दिवशी काहीतरी वेगळं होई. अनुपमाने पालकाच्या दोन जुड्या उकडून वाटल्या. मैदा लोण्यावर परतून दुधात शिजवला, चिमूटभर जायफळ घातलं. डब्यातलं चीज किसलं. पसरट भांड्यात खाली पालक, त्यावर पांढरा सॉस, त्यावर चीज आणि पावाचा चुरा, असा थर रचून माझ्या स्वाधीन केला.

केकने मला हरवलं होतं, पण हे मला जमलं. शिजायचं काही नव्हतंच, फक्त रंग आणायचा होता, आणि वरची कॉइल माझी चांगली आहे. मी असा तांबूस थर आणला की जयवंत पेपर टाकून उठून आला. त्याने पहिला चमचा घातला, आतलं हिरवं दिसलं, आणि त्याने बायकोकडे पाहिलं. अनुपमाने नुसती मान हलवली. तो खाली बघून जेवू लागला.

रुक्मिणीबाईंनी बोटांनी चाचपलं. "ह्या काय गो? ह्यात पाला नाही ना?"

"नाही आई. कोबी आहे. वर चीज."

त्यांनी घास घेतला. थांबल्या. आयुष्यात कधी चीज खाल्लं नव्हतं त्यांनी. जिभेला काहीतरी ओळखीचं लागत होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"चीज असा लागता?"

"हो," अनुपमा म्हणाली. "चीजची चव अशीच असते."

"बरा लागता गो. घाल आणि थोडा."

चार महिन्यांत त्या बाईने दुसऱ्यांदा काही मागून घेतलं नव्हतं. अनुपमा वाढता वाढता पदराने डोळे पुसत होती. आणि मी? मी फुगलो होतो. माझ्या पोटातून निघालेल्या पदार्थाचं या घरात पहिल्यांदा कौतुक झालं होतं. मला ठाऊक होतं आत काय आहे. मी तो थर करपवू शकलो असतो. तोंडात घालवणार नाही इतका कडू करू शकलो असतो, तेवढी वाईट सवय माझ्या अंगात होतीच. त्या दिवशी मात्र मी शहाण्यासारखा वागलो. एकही डाग पडू दिला नाही.

मग दर गुरुवारी, आणि पुढे आठवड्यातून दोनदा, हाच पदार्थ. रुक्मिणीबाई वाट बघायच्या. शेजारच्या शकुताई आल्या की त्यांना सांगायच्या, "आमच्या सुनेचा तो डबा बघ. कोबीसारख्या कोबीचा सोना करता." मी ऐकायचो आणि सुखावायचो. अनुपमा तेवढ्यापुरती बाहेरच्या खोलीत निघून जायची.

रक्त वाढलं. दिवाळीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला. रुक्मिणीबाईंना सुनेचा चेहरा किती दिवसांनी नीट दिसला, तर त्या म्हणाल्या, "वाळलंस गो किती." त्या दिवसापासून अनुपमाने तो पदार्थ बंद केला. सासूला आता दिसत होतं. चीज मिळत नाही, एवढंच तिने सांगितलं.

माघात नंदू आला. कळवलं नाही, काही नाही, सरळ दारात उभा. त्याची कंपनी बुडाली होती, मालक पळाला होता, पासपोर्ट अडकला होता, आणि मिळेल ते काम करत दिवस काढताना घरी काय लिहायचं याची त्याला लाज वाटली होती. रुक्मिणीबाईंनी त्याला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. मग त्याचा डावा हात हातात घेतला आणि तशाच राहिल्या. दोन बोटं नव्हती.

"कधी झाला ह्या?" त्यांनी विचारलं.

"गणपतीत. मशीनमध्ये गेली. डॉक्टर म्हणाला, नशीब, पूर्ण पंजा जायचा होता."

"माझो नेम होतो झिला. म्हणून हात राहिला."

"तुझ्यामुळेच गं आई," नंदू म्हणाला, आणि तेवढा मोठा पुरुष तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

अनुपमा चहा टाकत होती. माझ्या अगदी शेजारी. तिच्या हातातली साखर ओट्यावर सांडली. श्रावणानंतर भाद्रपद येतो, हिशेब तिलाही येत होता आणि मलाही. मला आणखी एक गोष्ट सुचली, ती तिला सुचू नये असं वाटलं. त्या माउलीला पुन्हा दिसू लागलं ते आमच्यामुळे, आणि त्याच डोळ्याने तिने मुलाची तुटकी बोटं पाहिली.

पालक खाल्ल्याने मस्कतमधल्या माणसाची बोटं जातात का? मी पत्रा, तार आणि काच. मला देवाधर्मातलं कळत नाही. पण ज्या घरात मी राहतो तिथे नेम म्हणजे नेम होता. अनुपमाचाही त्याच्यावर विश्वास होता. म्हणूनच तर ती खोटं बोलली होती.

नेम सुटला. रुक्मिणीबाईंनी नारळ फोडला आणि नंदूच्या हातून पहिला घास घेतला, लाल माठाचा. पुढचे दिवस घरात मेथी आली, मुळा आला, चवळी आली. पालक तेवढा आला नाही.

आणि मग रुक्मिणीबाईंनीच विषय काढला. "अनुपमा, नंदूक तुझा तो कोबीचा करून घाल ना. मी आंधळी होते तेव्हा त्याच्यावर जगले."

चीज मिळत नाही. वायर खराब झालीय. कोबी महाग आहे. अनुपमाने तीन आठवडे काढले. शेवटी नंदू स्वतःच चीजचा डबा घेऊन आला. "वहिनी, आता काय सबब? आज गुरुवार आहे, दादा पण घरी आहे. होऊन जाऊ दे यार."

अनुपमाने कोबी चिरला. खरोखरचा कोबी. तेच लोणी, तेच जायफळ, तेच चीज, दुप्पट चीज. मला पिन लावली. मी जीव तोडून रंग आणला. वाटलं, रंगावर निभावून जाईल.

रुक्मिणीबाईंनी चष्मा नीट केला आणि घास घेतला. दुसरा घेतला.

"आज चीज नाही घातलंस?"

"असं काय आई?" नंदू हसला. "वर सगळं चीजच तर आहे. अख्खा डबा संपवला वहिनीने."

रुक्मिणीबाईंनी तिसरा घास घेतला. सावकाश चावला. मग ताटातलं सगळं संपवलं. नंदू पान आणायला खाली गेला, जयवंत त्याच्या मागोमाग सटकला. त्या ताट घेऊन आत आल्या.

"तेव्हा काय होता गो?"

अनुपमाने नळ बंद केला. "पालक."

"कधीपासून?"

"श्रावणातल्या पहिल्या गुरुवारपासून. आई, डॉक्टर म्हणाले होते..."

"माका माहीत आहे काय म्हणाले होते. मी बहिरी नव्हते."

त्या पाटावर बसल्या. बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत होत्या. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. मी मनातल्या मनात म्हणत होतो, तिला नका बोलू, मला उचलून आपटा. पण ओव्हनला कोण बोलतं?

"नंदूक सांगू नको," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याला वाटतं माझ्या नेमानं हात वाचला. वाटू दे."

"नाही सांगणार."

"आणि माझ्या मेल्या जिभेला काय बोलू? आयुष्यभर पाला खाल्ला आणि ओळखला नाही." मग त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "माका आता दिसता. यापुढे वाढशील ते दाखवून वाढ."

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून या घरात दोन्ही वेळच्या जेवणाला अनुपमा प्रत्येक भांड्याचं झाकण काढते, सासूसमोर धरते, त्या बघतात, मान हलवतात, मग ती वाढते. नंदूचं लग्न झालं, तो दहिसरला राहायला गेला. त्याच्या बायकोला, नीलाला, ही या घरची काहीतरी रीत वाटते. ती माहेरी कौतुकाने सांगते.

माझी पिन त्या गुरुवारनंतर कुणी लावली नाही. दोघींनी आपापला दोष आपल्या अंगावर घेतला, एकीने हाताचा, एकीने जिभेचा. माझ्या वाट्याचा तसाच राहिला. तो सोनेरी थर माझा होता. त्याच्याखाली काय आहे हे दिसू नये इतका तो चांगला व्हावा, ही माझी हौस होती, आणि कौतुकाच्या लोभापायी मी गप्प राहिलो. हे कुणापुढे बोलायचं राहिलं होतं, ते तुमच्यापुढे बोललो. भंगारवाला आला तर मला खुशाल द्या, मी कुरकुर करणार नाही.

पण परवाची एक गोष्ट सांगून थांबतो. जेवणाची वेळ होती. अनुपमाने नेहमीसारखं पातेल्यावरचं झाकण काढून सासूसमोर धरलं. रुक्मिणीबाईंनी बघितलं नाही. ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "राहू दे गो. वाढ."

अनुपमा पातेलं धरून तशीच उभी राहिली. वाफेने तिचा हात भाजत होता, मला इथून दिसत होतं.

"नाही आई," ती म्हणाली. "आधी बघा."