आरशातला रस्ता

"मामा, जरा बेतानं. मागच्या वेळी कानाजवळ कापलंत," किराणावाला डोळे मिटूनच म्हणाला.

"माझ्या हातून? शक्यच नाही. पक्कं सांगतो, तुमचंच नख लागलं असणार."

वाक्यावाक्याला 'पक्कं' लावायची खोड, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना पक्केमामा म्हणायचा. खरं नाव बायकोला तेवढं ठाऊक होतं, आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. सलून म्हणजे एक खुर्ची, एक बाकडं आणि भिंतभर आरसा. रस्त्याकडे पाठ करून उभं राहण्यात मामांची हयात गेली, तरी रस्त्यावरचं पान हललेलं त्यांना कळायचं. कोणाची सून रुसून निघाली, कोणाचा जावई हात हलवत आला, सगळं आरशात. "मला पाठीलाही डोळे आहेत," असं ते सांगत, आणि गिऱ्हाईक ऐकून घेई. मानेवर वस्तरा असताना वाद कोण घालतो?

आत्ता आरशात शाळेतल्या निवृत्त बाई दिसत होत्या. निम्म्या मोहल्ल्याला त्यांनी पाढे शिकवले होते, उरलेल्या निम्म्याचे कान पिळले होते. पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळून त्या रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. तेवढ्यात मागून एकजण आला आणि त्याने पर्सला हिसडा दिला. बाई सोडायला तयार नव्हत्या, आणि सोडायची म्हटली तरी पट्टा मनगटातच होता. दुसऱ्या हिसड्यासरशी त्या फरफटत रस्त्यावर आल्या, पट्टा तुटला, आणि समोरून टेम्पो आला. ब्रेक करकचून वाजले तेव्हा बाई दिसेनाशा झाल्या होत्या. चोर आरशाच्या उजव्या कडेने पसार झाला.

मामा गर्रकन वळले आणि वस्तऱ्यासकट दारात धावले.

"चोर! चोर! उजवीकडे पळाला! पक्कं, मी बघितलंय!" उजवा हात लांब करून ते ओरडले.

लोक उजवीकडे धावले. तिकडे खरंच एकजण पळत होता. तो चौकातला इस्त्रीवाला. बाई पडलेल्या पाहून तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आणायला निघाला होता, आणि घाईत खांद्यावरचं कपड्यांचं गाठोडंही खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं. पळणारा माणूस आणि अंगावर गाठोडं, लोकांना आणखी काय हवं होतं? बाई तिकडे टेम्पोखाली पडल्या होत्या, त्यांच्याजवळ चारदोन बायका. बाकी सगळे इकडे हात साफ करून घेत होते.

मामा वस्तरा ठेवायला आत आले आणि सवयीने त्यांनी आरशात पाहिलं. मारामारी डाव्या कडेला चालली होती.

चोर तर उजव्या कडेने गेला होता. आरशाकडे तोंड असताना जी उजवी, ती रस्त्याकडे वळल्यावर डावी. इतक्या वर्षांत त्यांनी आरशात हजार भानगडी पाहिल्या, पण पाहता पाहता वळून रस्त्यावर धावण्याची वेळ कधी आली नव्हती.

"अरे तो नव्हे! सोडा त्याला!" ते गर्दीत घुसले. कोणाचं तरी कोपर त्यांच्या छातीत बसलं आणि ते मागे फेकले गेले.

बाई जागच्या जागी गेल्या होत्या. इस्त्रीवाल्याला उचलून दवाखान्यात नेलं, आणि खाटेशेजारी पोलीस बसवला.

दुसऱ्या दिवशी सलून बंद ठेवून मामा पोलीस चौकीत गेले. हवालदाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो साहेब. माझी चूक झाली. पक्क—" मामांनी शब्द गिळला. "तो इस्त्रीवाला नव्हता."

"अहो, पण यानंच पर्स ओढली असं सांगणारे डझनभर आलेत. तुमचा किराणावालाही."

"त्यांचे डोळे मिटलेले होते हो! तोंडाला साबण होता!"

"आणि तुमची पाठ होती," हवालदार म्हणाला. "लिहून घेतो तुमचं. पण फार आशा धरू नका, मामा."

बाहेर किराणावाला वाटच पाहत उभा होता. कालची अर्धी दाढी त्याने दुसरीकडे जाऊन उरकून घेतली होती.

"मामा, कशाला उकरून काढताय? तो सुटला की मारणारे आत जातील. त्यात माझा मुलगा आहे."

"आणि इस्त्रीवाला?"

"बोट तुम्ही दाखवलंत. आम्ही फक्त मोठ्या माणसाचा शब्द मानला."

मामांना त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

काही दिवसांनी इस्त्रीवाल्याची बायको सलूनच्या पायरीशी आली. आत आली नाही.

"मामा, ह्यांच्या जबड्याचं ऑपरेशन आहे. दाढी काढून ठेवा म्हणालेत. मी दोघा न्हाव्यांना विचारलं, चोराला हात लावायला कुणी तयार नाही. तुम्ही याल?"

मामांनी पेटी उचलली.

इस्त्रीवाल्याचा चेहरा सुजून ओळखण्यापलीकडे गेला होता. मामांना पाहून त्याने हात कपाळाशी नेला. जन्मात कधी लावला नव्हता इतक्या हलक्या हाताने मामांनी साबण लावला. एक गाल झाला. दुसऱ्याला ब्रश लावला तेव्हा बायको हळूच म्हणाली,

"मामा, ह्यांच्याकडे बोट कुणी दाखवलं हो? रोज विचारतेय, कुणी सांगत नाही. रस्त्यावरचं काही तुमच्या नजरेतून सुटत नाही. तुम्हाला पक्कं माहीत असेल."

मामांनी ब्रश खाली ठेवला. नाही म्हणता आलं असतं. ती त्यांच्यावर विश्वास ठेवून होती.

"मीच," ते म्हणाले. "मी दाखवलं. आरशात बघून. उलटी बाजू सांगितली."

इस्त्रीवाल्याने उघड्या राहिलेल्या एका डोळ्याने मामांकडे पाहिलं. मग त्याने मान भिंतीकडे वळवली. न केलेला गाल उशीवर दाबला गेला, आणि साबण उशीला लागला.

"निदान एवढी दाढी तरी..." मामांनी वस्तऱ्याकडे हात नेला.

"राहू द्या," बायको म्हणाली. टॉवेल ओला करून ती नवऱ्याच्या गालाखालचा साबण पुसू लागली. "उरलेली मी करीन."

पेटी काखेत मारून मामा दवाखान्याच्या दारात आले. एक म्हातारी आत शिरत होती. हातात डबा, धाप लागलेली.

"दादा, हाडांचा वॉर्ड कुठल्या बाजूला हो?"

मामा आत्ताच तिथून आले होते. त्यांनी हात खिशात घातले.

"मला नाही माहीत, आजी," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी विचारा."