मागच्या चाकाची हवा

विषय : मागच्या चाकातील व्हॉल्व्ह सैल असणे व त्यामुळे हवा जाणे, याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन असे की, ज्याच्याबद्दल ही तक्रार आहे तो व्हॉल्व्ह मीच बोलतोय. माझी बाजू दुसरं कोणी मांडेल अशी चिन्हं नाहीत.

कारखान्यात असताना मी पितळी भावंडांबरोबर एका पेटीत खडखडत होतो. गोतावळा म्हणावा तो तेवढाच. पुढे प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्यूब आणि रिमचं एक भोक आलं. पुढच्या चाकातही एक व्हॉल्व्ह आहे म्हणतात. एकाच सायकलवर दोघांची हयात गेली, पण भेट नाही.

मालक पाण्याचे मीटर वाचायचे. लोक दार उघडत, मीटर दाखवत, दार लावून घेत. मग ते निवृत्त झाले, मालकीणबाई वारल्या, मुलगी लग्न होऊन परगावी गेली. मी असतो जिन्याखाली. वरच्या खोल्यांतलं सगळं मला ऐकू येतं. आता ऐकण्यासारखं फारसं नसतं.

खड्ड्यांतून आदळून माझा नट सैल झाला आणि हवा रात्रभर थोडी थोडी जाऊ लागली. सकाळी मालक सायकल ढकलत इमारतीच्या दर्शनी बाजूला, शिंपीमास्तरांच्या दुकानात नेत. मास्तरांकडे पंप असे.

“मास्तर, पंप द्या.”

“पुन्हा गेली?”

“गेली.”

“मीटरवाले, जन्मभर लोकांचं गळकं पाणी मोजलंत, घरची हवा आवरेना होय?”

“हवेचा मीटर नसतो म्हणून वाचलात. नाहीतर दिवसभर जी तोंडाची वाफ दवडता, त्याचं बिल तुम्हाला झेपलं नसतं.”

मग चहा यायचा. एकच वर्तमानपत्र दोघं अर्धं अर्धं वाचायचे आणि दुसऱ्याच्या अर्ध्यावरून भांडायचे. हवा भरायला लागणारा वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांचा मेळ कुठल्याही लेखापरीक्षकाला बसला नसता.

एकदा मुलगी राहायला आली. “बाबा, रोज उठून काकांना काय त्रास देता?” म्हणत तिने सायकल दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने आतलं रबर बदललं, नवा नट पान्याने आवळला आणि म्हणाला, “आता विसरून जा, ताई.” मुलीचं काही चुकलं नाही. प्रेमाने केलेल्या कामावर हरकत घ्यायची सोय कुठल्याच नियमात नाही.

ती गेल्यावर मालकांनी सकाळी टायर अंगठ्याने दाबून पाहिला. दगड. तरी दुकानापर्यंत गेले, उगीच खाकरले. आत मशीन क्षणभर थांबलं. इतक्या वर्षांची बैठक, पण “नुसता बसायला आलो” एवढं म्हणायला जीभ रेटेना. आणि “या की” म्हणायला मास्तरांना निमित्त मिळेना. मालक परत फिरले. मशीन पुन्हा चालू झालं. पुढे रोज हेच.

मग एका सकाळी मालक जिन्याखाली उकिडवे बसले. इकडेतिकडे पाहिलं, माझ्यावरची टोपी काढली आणि नटाला रुमाल गुंडाळून जोर लावून पिळला. सुस्स! आयुष्यभर हवा अडवली, म्हणून माझं कौतुक कोणी केलं नाही. ती सोडल्यावर मात्र मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ओशाळलो.

“मास्तर, पंप.”

मास्तर चष्मा सावरत खाली वाकले. नटात रुमालाचा दोरा अडकला होता. शिंप्याच्या नजरेतून दोरा सुटतो होय? त्यांनी तो चिमटीने हलकेच ओढून काढला.

“नवा नट, नवं रबर, आणि हवा गेली?”

“गेली.”

“मालच वाईट येतो हल्ली,” मास्तर म्हणाले. “बसा.”

त्यानंतर माझा नट कोणीही आवळला नाही.

पण पुढे मास्तरांना सुई ओवता येईना. मुलगा त्यांना डोळ्यांच्या उपचारासाठी आपल्याकडे घेऊन गेला. निघताना त्यांनी पंप मालकांच्या हातात दिला. “ठेवा. तुमची अडचण नको.”

“मी काय करू याचं?” मालक म्हणाले. रिक्षा सुरू झाली होती. मास्तरांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

पंप आता वर, दाराआड उभा असतो. मालक सकाळी खाली येतात, बसलेला टायर दाबून पाहतात, दुकानाचं कुलूप पाहतात आणि वर जातात. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सूनबाईंनी विचारलं, “आजोबा, पंप आहे ना घरात? मग हवा का नाही भरत?”

“भरू की,” मालक म्हणाले. “मास्तर येऊ देत.”

मास्तरांच्या मुलाला ते फोन करतात. मुलगा म्हणतो, डॉक्टर पुढची तारीख देणार आहेत.

सबब विनंती की, मास्तरांना लवकर परत पाठवावे. ते शक्य नसल्यास मालकांना कोणीतरी “नुसते बसायला या” असे म्हणावे. अर्ज कोणत्या कार्यालयाकडे करावा हे मला माहीत नाही, तरी केला आहे. चाक बसलेलं आहे. दुकान बंद आहे. अर्ज प्रलंबित आहे.