गर्दीतली चिमी

दरवर्षी वाचनालयाच्या माडीवर त्या चित्रकाराचे चाहते जमत आणि दरवर्षी अक्का मागच्या खुर्चीवर जाऊन बसे. ती त्याची सख्खी बहीण आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. या वयात चित्रकथा वाचणारी हौशी आजी, एवढीच तिची ओळख.

चित्रकाराला कुणी पाहिलेलं नव्हतं. ट्रामच्या कंडक्टरच्या गोष्टींचे बावन्न अंक काढून तो जो घरात बसला तो बसलाच. कुणी म्हणे परदेशी गेला, कुणी म्हणे असा माणूस मुळात नव्हताच. अक्का मुकाट्याने ऐकून घ्यायची. तिथून अर्ध्या तासावर, दोन खोल्यांत, तो अंथरुणाला खिळलेला होता. ती परतली की तो एकच विचारी, "कुणी काही म्हणालं?"

म्हणजे चिमीबद्दल.

चिमी त्यांची धाकटी बहीण. सहा वर्षांची असताना भाऊ तिला बाजारात घेऊन गेला. तो तेव्हा तेरा वर्षांचा. गर्दीत हात सुटला आणि मिळाली ती फक्त एक चप्पल. पुढे हातात टाक आला तसा भाऊ तिला प्रत्येक अंकात कुठेतरी काढू लागला. ट्रामच्या रांगेत, दुकानाच्या पायरीवर, छत्र्यांच्या मधे. दोन वेण्या, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. इतक्या घरांत अंक जातो, कुणीतरी ओळखेल, दोन ओळी लिहील. पत्रं पोत्यांनी आली, पण ती सगळी कंडक्टरच्या मिशांबद्दल. वर्षं सरली तशी ती सापडायची आशाही विझली. डोळे मिटायच्या आत ती एकाला तरी दिसावी, एवढंच त्याचं मागणं उरलं होतं. आणि या वर्षी डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते.

माडीवर नेहमीसारखं कौतुक रंगलं होतं. एका दैनिकाचे टक्कल पडलेले व्यंगचित्रकार म्हणाले, "त्याच्यासारखी गर्दी कुणाला जमायची नाही. तीस वर्षं नक्कल करतोय, पण माझी गर्दी म्हणजे बटाट्याचं पोतं!"

"तुमची एकेकटी माणसंसुद्धा बटाट्यासारखीच दिसतात की," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि हशा पिकला.

हशा ओसरला तशी अक्का इतक्या वर्षांत पहिल्यांदा उभी राहिली. "त्या गर्दीत कोण कोण असतं, कुणी बघितलंय का?"

"आजी, गर्दीत काय बघायचं? गर्दी ती गर्दी!"

"एक मुलगी असते," कोपऱ्यातून आवाज आला. चष्मेवाला, तिशीतला चित्रकार होता तो. जुन्या अंकांचा नवा जाडजूड ग्रंथ निघाला होता आणि पुसट झालेल्या रेषा त्यानेच दुरुस्त केल्या होत्या. "बावन्न अंकांत बावन्न वेळा. मी मोजलीय."

 अक्का खाली बसली.

"आणि दर वेळी तिच्या एका पायातली चप्पल रेखाटायची राहून गेलीय," तो पुढे म्हणाला. "एवढा मोठा माणूस, लोक उद्या चुका काढतील. मला तर तिच्या पायाकडे बघवेना. आठ महिने बसून, त्याच जाडीच्या रेषेने, मी एकेक चप्पल काढली. आता शोधूनही कळायचं नाही."

टाळ्या थांबेनात. व्यंगचित्रकारांनी डोळे पुसले. कुणीतरी तो ग्रंथ अक्काच्या मांडीवर ठेवला. तिने उघडला. रांगेत चिमी उभी होती, दोन्ही पायांत चपला घालून, शाळेतून घरी निघालेल्या कुठल्याही मुलीसारखी.

चष्मेवाला तिच्याजवळ वाकला. "आजी, तुम्हीही तिला बघितलं होतंत ना?" त्याने आपला फोन नंबर लिहून दिला.

काहीच सांगायचं नाही, असं अक्काने वाटेत ठरवलं होतं. पण भाऊचा चेहरा पाहून तिला राहवेना.

"म्हणालं कुणीतरी. बावन्न वेळा मोजलीय त्याने."

"पायाचं?"

"तेही. म्हणाला, बघवेना."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. भाऊने पांघरूण तोंडावर ओढलं. मग आतून आवाज आला, "बोलाव त्याला."

दूधवाल्यालाही उंबरठा ओलांडू न देणारा माणूस!

स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून, अक्काने चष्मेवाल्याला फोन लावला आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. न सांगून चालण्यासारखं नव्हतं. 

"सगळ्या प्रती छापून गेल्या हो, आजी."

"जाऊ देत. तू नुसता ये. घटकाभर बस त्याच्याजवळ. चपलेचा विषय काढू नकोस म्हणजे झालं."

"ते विचारतीलच. मी कुठल्या तोंडाने बसू?"

"बाळा, त्याच्याकडे वेळ नाहीये रे."

"नाही जमणार मला," तो म्हणाला. तो रडत असावा. मग फोन बंद झाला.

"काय म्हणाला?" आतून भाऊने विचारलं. किती दिवसांनी त्याचा आवाज एवढा मोठा निघाला होता. "कधी येतोय?"

अक्काने पदराने तोंड पुसलं.

"रविवारी."

"मग शनिवारी माझी दाढी करून दे," भाऊ म्हणाला.