नकाशावर सरकवलेला ठिपका

वीतभर लांबी, तांबडं अंग, काळं डोकं. हा साप ब्राझीलच्या एकाच माळावर, नदीकाठच्या भुसभुशीत वाळूत जन्म काढतो. बिनपायांच्या इवल्या सरड्यांवर जगतो आणि पाऊस पडला तरच वर येतो. पाच वर्षांत आम्हाला सात सापडले. आम्ही म्हणजे मी आणि ओताव्हियो, तिथला म्हातारा वाटाड्या. मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत माझं नाव झालं ते त्याच्या डोळ्यांवर.

पेपर छापताना मी नकाशावरचा ठिपका मुद्दाम दहा किलोमीटर बाजूला सरकवला. विकायला साप खणून नेणारे टपलेलेच असतात. आमच्यात बरेच जण असं करतात, पण तसं पेपरात सांगतात. मी नाही सांगितलं. अतिशहाणपणा नडला, दुसरं काय!

२०२०च्या सप्टेंबरात कळलं, की खरी जागा सोयाबीनसाठी नांगरणार आहेत. परवानगी सहज मिळाली, कारण नकाशावर साप तिथे नव्हताच. मी मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीच्या घरात कोंडलेली. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, तिथे ब्राझीलला कुठली जाते! तिथल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, "जागेवर जिवंत साप दाखवा. नाहीतर ऑक्टोबरअखेर ट्रॅक्टर चालणार."

ओताव्हियो सहासष्ट वर्षांचा. मार्चपासून उंबरठा ओलांडला नव्हता त्यानं. गावात रोज कुणीतरी कोरोनानं दगावत होतं. मी फोन केला. "बघतो," म्हणाला. मी पुन्हा केला. तिसऱ्यांदा तर रडले. आठवलं की स्वतःची शिसारी येते.

तीन दिवस तो अधिकाऱ्यांबरोबर एकाच जीपमधून फिरला. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि साप मिळाला. नांगरणी थांबली. पंधरा दिवसांनी ओताव्हियो ऑक्सिजनवाचून गेला.

"अगं, निदान साप तरी वाचला ना," माझा नवरा नचिकेत समजूत काढायला म्हणाला.

"गप्प बस रे!" मी किंचाळले.

त्याच दुपारी ओताव्हियोच्या मुलीचा, लुसियाचा, मेसेज आला. "जागा तुमच्या पेपरात होती ना? मग बाबांना दाखवायला का जावं लागलं?"

चार वेळा खरं लिहिलं, चारही वेळा पुसलं. शेवटी लिहिलं, "तिथला नियमच तसा आहे गं. प्रत्यक्ष दाखवावंच लागतं."

तिचं उत्तर लगेच आलं. "थँक यू. तुमच्यावर बाबांचा फार विश्वास होता."