पंचमी सरली आनि घोसाळं चिरलं

माज्या वेलाला त्या साली पयलं घोसाळं धरलं ते एवढं मोठं, की बन्सी वायरमन खांब समजून त्याला तार बांधाया निघाला हुता.

न्हाई पटत? बरं, मग खरं सांगते. घोसाळी तीनच हुती, आनि एकेक वीतभर.

पन ती तीन माज्यासाठी तीस हुती. बहात्तर सालच्या दुस्काळात मी त्याच्या बिया पदराच्या गाठीत सांभाळल्या. खडी फोडाया जायचे तवाबी गाठ पदरालाच. म्होरच्या साली त्या गोठ्याच्या भिंतीशी लावल्या आनि भांडी इसळलेलं पानी घालून घालून वेल पत्र्यावर चढवला. का, तर माजी रंगू पंचमीला येनार हुती.

रंगू माजी धाकटी लेक. कोपरगावकडं दिलेली. तिकडं पाटाचं पानी, हिरवागार ऊस. दुस्काळात दोन वर्सं मीच मास्तरांकडनं कार्ड लिवून धाडलं, पोरी, येऊ नगं, हितं तुला घोटभर पानी द्यायचीबी लाज वाटती. ती न्हाई आली. आन मी रोज दुपारी फाट्यावरच्या गाडीचा आवाज ऐकत बसायचे, आपलंच कार्ड आपल्याला बोचायचं.

आता तिला चवथा म्हैना लागला हुता. तिचं कार्ड आलं. 'आई, घोसाळ्याची भजी खावीशी वाटत्यात. सासूबाई बटाट्याची करून घालत्यात, पन त्यात जीव रमत न्हाई. तुज्या हातची पायजेत.'

मग काय! हरबऱ्याची डाळ दळून आनली. वरच्या आळीच्या मुक्ताबाईकडनं मूठभर ववा आनला. करडीचं तेल वेगळं काढून ठेवलं. घोसाळी मातर वेलावरच ठेवली. म्हनलं, चवथीला पोर उंबऱ्यात आली की तोडायची, चकत्या करायच्या आन थेट पिठात.

चवथीला रंगू आलीच न्हाई.

आली ती पंचमीला, दुपारी, दीर आसारामसंगं. पोराच्या हातात घड्याळ, पायात नव्या कोऱ्या चपला. पानी प्याला आन म्हनला, "मावशी, काल म्हस व्याली म्हनून निघता आलं न्हाई. आन उद्या पयल्या गाडीनं माघारी जायाचं हाय. आई एकलीच हाय घरी."

"अरं, दोन वर्सांनी पोर आली माजी!"

"मला कळतंय, मावशी. पन म्हशीला कळत न्हाई."

आता आमच्यात पंचमीला कायबी चिरायचं न्हाई, तोडायचं न्हाई, कढई चुलीवर चढवायची न्हाई. नागोबाला लागतं म्हनत्यात. पुरनाची दिंडं उकडायची आन गप खायची. आन घरात पोटुशी बाई आसली तर इळीकडं बघायचंबी न्हाई, पोटातल्या लेकराला इजा हुती. मान्सांम्होरं मी दिसाला शंभर थापा मारीन, पन नागोबाला आन पोटातल्या जिवाला कोन फशिवनार?

रंगू वेलाखाली जाऊन हुबी ऱ्हायली.

"आई, तीनच गं?"

"तीस हुती. सत्तावीस नागोबा घिऊन गेला. म्हनला, बायकूला डोहाळं लागल्यात, घरात बसू दीना."

रंगू खळाळून हासली. मग पदर तोंडाला लावला, आन हासायची थांबली तरी पदर काडला न्हाई.

"उद्या उजाडलं की करते," मी म्हनलं.

"गाडी साडेसहाला हाय, आई."

"मग सूर्याला म्हनावं, लवकर ये बाबा."

पंचमी सरती ती दुसऱ्या दिवशी दिस उगवल्यावर. मी पहाटंच चूल सारवली. लाकडं लावली, पेटवली न्हाईत. इळी पुसून आडवीच ठिवली. आन आंगनात यिऊन उगवतीकडं बघते तर काय, श्रावनातलं आभाळ, घोंगडं पांघरल्यावानी गच्च.

आसाराम बोचकं बांधून भाईर आला. "मावशी, माजी एक चप्पल दिसत न्हाई."

"आरं द्येवा! कुत्र्यानं न्हेली आसंल. आमचं कुत्रं नव्या चपलाचं लई शौकीन. मागं मामलेदाराचा बूट घिऊन गेलं, आन चार दिसांनी पालिश करून आनून दिला."

आसाराम हासला, पन गोठ्याकडं शोधाया गेला. चप्पल कुठं हुती ते मलाच ठावं. कनगीमागं.

"आई," रंगू हळूच म्हनाली, "चप्पल दे त्याला."

"कुटली चप्पल?"

"आई."

"थांब गं जरा. जरासं उजेडू दे."

आन ढगाला कडंनं तांबडी रेघ उमटली. मी हात जोडले, धावत जाऊन एक घोसाळं तोडलं. वल्लं, गार. इळीवर चकत्या पडल्या, पिठात हात गेला, चूल पेटली. पन तेल काय माजं ऐकतंय? तेलाला तापाया लागतो तेवढा येळ लागतोच. मी पिठाचा ठिपका टाकते, तो आपला तळाला बसून ऱ्हातो.

"मावशी, सव्वासहा झाले!" आसाराम एका पायात चप्पल घालून आंगनात नाचतोय. "ऱ्हाऊ द्या ती चप्पल. चल वयनी!"

रंगू उंबऱ्यात हुबी. "आई, ऱ्हाऊ दे गं. म्होरल्या खेपंला."

"तू हो म्होरं. मी आलेच."

ती गेली. मागं बघत बघत गेली.

तवा ठिपका वर आला. मी चकत्या सोडल्या. चर्र झालं, घरभर वव्याचा वास सुटला, आन खायाला घरात कोन न्हाई. पयला घाना काडला, लाकडं वढली, भजी फडक्यात बांदली, चप्पल काखेत मारली आन पळाले. ह्या वयात, नऊवारीचा काष्टा खोचून.

फाट्यावर गाडी हुबीच. कंडक्टर घंटी मारनार, तेवढ्यात मी वरडले. सगळी गाडी खिडकीतनं वाकून बघाया लागली. मी फडकं रंगूच्या हातात दिलं, बोटं पोळली तरी तिनं ते छातीशी धरलं. चप्पल आसारामला दिली.

"कुत्र्याच्या तोंडातनं काडली व्हय, मावशी?"

"व्हय. लई भांडले त्याच्याशी."

"आई, तू खाल्लंस का एक तरी?" रंगूनं इचारलं.

मी काय बोलनार तेवढ्यात घंटी झाली. गाडी हालली. मी चार पावलं संगं चालले, मग गाडी फुडं आन मी मागं. वळनावर खिडकीतनं तिचा हात भाईर आला. हातात भजं हुतं, निम्मं चावलेलं. तोंड मातर आत ऱ्हायलं, मला दिसलं न्हाई. मला तर तेवढंच बघायचं हुतं. खाताना तिचं तोंड.

घरी आले तर मुक्ताबाई वासावर आलेली. "पोटभर खाल्ली का पोरीनं?"

"चांगले दोन घाने खाल्ले," मी म्हनलं. "हितं, माज्याम्होरं बसून."

मुक्ताबाईनं भरल्या पिठाच्या भांड्याकडं बघितलं, मग माज्याकडं बघितलं. चुलीम्होरं पाट वढून बसली. कढईतलं तेल अजून कोमट हुतं.